शत्रूही हुबेहूब

26 मे 1941 ची दुपार. उत्तर अटलांटिक खवळलेला होता आणि ढग पाण्याला टेकल्यासारखे खाली आले होते. ‘आर्क रॉयल’ या ब्रिटिश विमानवाहू नौकेवरून ‘स्वोर्डफिश’ जातीची दुपंखी विमाने पोटाखाली टॉर्पेडो बांधून उडाली. सावज होते जर्मनीची युद्धनौका ‘बिस्मार्क’. दोनच दिवसांपूर्वी तिने ब्रिटिश आरमाराचा अभिमान असलेली ‘हूड’ बुडवली होती. ‘हूड’वरच्या 1,418 जणांपैकी फक्त 3 जण वाचले होते. वैमानिक सूडाने पेटलेले होते. ढगांच्या फटीतून एक मोठे जहाज दिसताच त्यांनी झेप घेतली आणि 11 टॉर्पेडो सोडले.

ते जहाज ‘बिस्मार्क’ नव्हते. ‘बिस्मार्क’च्या मागावर पुढे पाठवलेली ती ब्रिटिश क्रूझर ‘शेफील्ड’ होती. तिच्या कप्तानाने आपल्या तोफांना गप्प राहण्याचा हुकूम दिला आणि जहाज जिवाच्या आकांताने वळवत टॉर्पेडो चुकवले. काही टॉर्पेडो तर पाण्याला टेकताच फुटले. त्यांच्या चुंबकीय स्फोटक यंत्रणेत दोष होता, तो असा उघड झाला. संध्याकाळच्या दुसऱ्या हल्ल्यात जुन्या पद्धतीचे, आदळल्यावर फुटणारे टॉर्पेडो वापरले गेले. त्यातल्या एकाने ‘बिस्मार्क’चे सुकाणू जखडले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती बुडाली.

या घटनेकडे दैवाचा खेळ म्हणून पाहण्याची रीत आहे. मला तिच्यातली दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. ‘शेफील्ड’ला दोन धुराडी होती, ‘बिस्मार्क’ला एकच. ‘शेफील्ड’ 180 मीटर लांब, ‘बिस्मार्क’ 251 मीटर. दोन्हींची चित्रे शेजारी ठेवली तर शाळकरी मूलही फरक सांगेल. पण ‘शेफील्ड’ पुढे गेली आहे, हे त्या वैमानिकांना कोणी सांगितलेच नव्हते. समोर दिसेल ते जहाज शत्रूचेच, असे धरून ते निघाले होते. मनाने आधीच ठरवलेले डोळ्यांनी पाहिले.

‘हूड’चीही अखेरची लढाई अशाच चुकीने सुरू झाली होती. ‘बिस्मार्क’ आणि तिच्यासोबतची क्रूझर ‘प्रिन्झ ऑयगन’ यांच्या दूरून दिसणाऱ्या छायाकृती फार मिळत्याजुळत्या होत्या. त्या सकाळी क्रूझर पुढे होती. ‘हूड’ने तिलाच ‘बिस्मार्क’ समजून पहिल्या फैरी झाडल्या.

दुसऱ्या महायुद्धात अशा चुका सर्वच पक्षांनी केल्या. 6 सप्टेंबर 1939 रोजी, युद्ध सुरू होऊन जेमतेम तीन दिवस झाले असताना, ब्रिटिश स्पिटफायर विमानांनी आपलीच दोन हरिकेन पाडली. 22 फेब्रुवारी 1940 च्या रात्री उत्तर समुद्रात जर्मन बॉम्बफेकी विमानाने स्वतःच्याच विनाशिकांवर हल्ला चढवला. त्या रात्रीच्या गोंधळात दोन विनाशिका बुडाल्या. जुलै 1943 मध्ये सिसिलीवर अमेरिकन छत्रीधारी सैनिक घेऊन निघालेल्या 144 विमानांपैकी 23 विमाने त्यांच्याच आरमाराच्या आणि फौजेच्या तोफांनी पाडली. तोफ चालवणाऱ्याच्या हातात निर्णयासाठी काही सेकंद असत. तेवढ्या वेळात आपला कोण आणि परका कोण हे ओळखता येणे, ही दारूगोळ्याइतकीच मोलाची गोष्ट होती.

ती शिकवण्यासाठी जी साधने घडली, त्यांत तळहातावर मावणाऱ्या जहाजांचा आणि विमानांचा वाटा मोठा आहे. आज जगभरचे संग्राहक ज्या छोट्या प्रतिकृती कापसात गुंडाळून जपतात, त्यांतल्या अनेक मुळात खेळणी नव्हत्याच. त्या नजरेचे पाठ होते.

पाणरेषेवर कापलेली जहाजे

हा धागा युद्धाच्या बराच मागे जातो. 1898 मध्ये फ्रेड जेन या इंग्रज पत्रकार-चित्रकाराने जगभरच्या युद्धनौकांची सचित्र सूची छापली. तीच पुढे ‘जेन्स फायटिंग शिप्स’ म्हणून आरमारी जगाची आधारपोथी झाली. त्याच सुमारास त्याने आरमारी युद्धाचा एक खेळही सिद्ध केला. छोटी जहाजे टेबलावर चालवायची, प्रत्येक जहाजाचा वेग, चिलखत आणि तोफा खऱ्याप्रमाणे धरायच्या. सूची आणि खेळ ही एकाच ध्यासाची दोन रूपे होती. प्रत्येक जहाज दुसऱ्यापासून नेमके कशाने वेगळे आहे, हे जेनला जाणून घ्यायचे होते.

इंग्लंडमध्ये नॉर्थॅम्प्टन येथे 1899 मध्ये बॅसेट-लोक ही कंपनी सुरू झाली. तिच्या आगगाड्या प्रसिद्ध आहेत. पण तिने 1:1200 प्रमाणातली जहाजेही विकली. या प्रमाणाचा हिशेब सोपा आहे: खरे 100 फूट म्हणजे प्रतिकृतीतला 1 इंच. ही जहाजे पाणरेषेवर सपाट कापलेली असत. पाण्याखालचा भाग घडवायचाच नाही, कारण समुद्रावर तो कोणाला दिसत नाही. टेबलावर ठेवली की ती पाण्यात तरंगत असल्याचा भास होई. जर्मनीत वीकिंग कंपनीने 1930 च्या दशकात धातूची जहाजे 1:1250 प्रमाणात काढायला सुरुवात केली. मेट्रिक मोजमापाला सोयीचे असलेले हे प्रमाण जर्मन संग्राहकांत आजही रूढ आहे. इंग्लंडच्या डिंकी टॉइजनेही 1934 मध्ये ब्रिटिश युद्धनौकांचा छोटा संच मुलांसाठी आणला होता.

विमानांचे प्रमाण वेगळ्या वाटेने ठरले. 1930 च्या दशकात इंग्लंडमध्ये ‘स्कायबर्ड्स’ची लाकडी आणि ‘फ्रॉग पेंग्विन’ची प्लास्टिकची जोडणी-संचातली विमाने 1:72 प्रमाणात निघाली. म्हणजे खरे 6 फूट बरोबर 1 इंच. या हिशेबात उभा माणूस साधारण इंचभर उंच येतो, आणि लढाऊ विमान ओंजळीत बसते. स्पिटफायरच्या पंखांचा पसारा 15-16 सेंटिमीटर भरतो. पुढे लष्करांनीही हेच प्रमाण उचलले.

पाच लाख काळी विमाने

डिसेंबर 1941 मध्ये अमेरिका युद्धात ओढली गेली, तेव्हा तिच्यासमोर एक साधी अडचण होती. लाखो नवे सैनिक, नाविक आणि टेहळणी करणारे नागरिक यांना विमाने ओळखायला शिकवायचे होते आणि त्यासाठी प्रतिकृती हव्या होत्या. कारखाने खऱ्या विमानांत गुंतलेले. जानेवारी 1942 मध्ये नौदलाने शिक्षण खात्यामार्फत देशभरच्या शाळांना आवाहन केले: 50 जातींच्या विमानांच्या प्रत्येकी 10,000, म्हणजे एकूण 5,00,000 लाकडी प्रतिकृती हव्यात. प्रमाण 1:72, रंग काळा.

काळाच का? आकाशात दूरवरच्या विमानाचा रंग दिसत नाही, खुणा दिसत नाहीत. दिसते ती फक्त आकृती. 35 फुटांवर धरलेली 1:72 ची प्रतिकृती डोळ्याला तेवढीच दिसते, जेवढे खरे विमान सुमारे अर्ध्या मैलावरून दिसते. वर्गाच्या एका टोकाला शिक्षक प्रतिकृती फिरवी आणि दुसऱ्या टोकाला बसलेला सैनिक अर्ध्या मैलावरचे आकाश पाही. त्याला पंखांची ठेवण, इंजिनांची जागा, धडाचा आकार, शेपटीची उंची एवढ्यावरून नाव सांगावे लागे.

शाळांतल्या सुतारकामाच्या वर्गांना आराखडे आणि साचापट्ट्या मिळाल्या. मुलामुलींनी लाकडाचे ठोकळे तासले, कानस मारली, पॉलिश पेपर घासला. तयार प्रतिकृती साचापट्टीवर तपासली जाई. पंख जाड राहिला, शेपटी वाकडी बसली तर ती परत येई. ठरावीक संख्येने उत्तम विमाने करणाऱ्या मुलांना नौदलाकडून मानद हुद्द्यांची प्रशस्तिपत्रे मिळत. त्या मुलांच्या हातून आपली विमाने घडली, तशीच जर्मन मेसरश्मिट आणि जपानी झीरोही घडली.

पुढे शिकागोच्या क्रूव्हर कंपनीने याच प्रतिकृती सेल्युलोज ॲसिटेट या प्लास्टिकमध्ये साच्यातून काढायला घेतल्या. विमानाच्या पोटावर नाव आणि महिना-वर्ष उठवलेले असे. विमानाची नवी आवृत्ती निघाली, किंवा शत्रूच्या विमानाविषयी अधिक माहिती हाती आली, की साचा सुधारावा लागे. म्हणून ही तारीख आज इतिहासकाराच्या कामाची आहे. त्या महिन्यात अमेरिकेला शत्रूविषयी किती ठाऊक होते, ते तिच्यावरून कळते. जहाजांच्या 1:1200 धातूच्या प्रतिकृती न्यूयॉर्कच्या कॉमेट मेटल प्रॉडक्ट्सने ओतल्या. घरातली झुंबरे आणि दिवे बनवणाऱ्या शिकागोच्या फ्रॅमबर्ग कंपनीनेही जहाजे केली. लाकडी पेटीत खाचा पाडून एकेका देशाचा ताफा बसवलेला असे. टेबलावर 10 फुटांवरून पाहिलेले 1:1200 चे जहाज म्हणजे समुद्रात 12,000 फुटांवरचे जहाज. नाविक डोळे टेबलाच्या पातळीला आणून पाही, मग प्रतिकृती जराशी फिरवली जाई. समोरून पाहिले तर क्रूझर आणि विनाशिका सारख्या वाटतात. तिरक्या कोनातून धुराडी एकमेकांआड लपतात. चित्र ही गोष्ट शिकवू शकत नव्हते. त्रिमिती वस्तूच हवी होती.

ओहायो स्टेट विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ सॅम्युएल रेनशॉ यांनी यावर दुसरी पद्धत दिली. पडद्यावर आकृती सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत क्षणभर चमकवायची आणि नाव विचारायचे. पंख, शेपटी असे तुकडे मोजत न बसता ओळखीचा चेहरा ओळखावा तसे संपूर्ण रूप एकदम ओळखावे, हा त्यांचा आग्रह होता. नौदलाने ही पद्धत उचलली. पण क्षणात ओळखण्याआधी ते रूप हातात घेऊन निवांत पाहिलेले असावे लागते, आणि ते काम प्रतिकृती करत राहिल्या.

ब्रिटनमध्ये हेच काम नागरिकांनी अंगावर घेतले. ऑब्झर्व्हर कोअरचे स्वयंसेवक गच्च्यांवर आणि टेकड्यांवर उभे राहून विमाने ओळखत. 1941 मध्ये त्यांच्या दलाला ‘रॉयल’ हे बिरुद मिळाले. 1941 च्या जानेवारीत ‘द एरोप्लेन स्पॉटर’ हे नियतकालिक निघाले आणि विमाने ओळखण्याचे वेड मुलांपासून म्हाताऱ्यांपर्यंत पसरले. जून 1944 मध्ये नॉर्मंडीवरच्या स्वारीच्या वेळी यातले सुमारे 800 स्वयंसेवक जहाजांवर नेमले गेले, ते मित्रविमानांवर आपल्याच तोफा चालू नयेत म्हणून. कोणी पाव विकणारा, कोणी कारकून. ज्या नजरेने त्यांनी गावच्या टेकडीवरून आकाश वाचले, तीच नजर त्या दिवशी हजारो वैमानिकांच्या जिवाची राखण करत होती.

लिव्हरपूलची जमीन

ओळख ही पहिली पायरी झाली. छोट्या जहाजांनी याहून मोठे कामही केले, आणि ते लिव्हरपूलच्या डर्बी हाउसमध्ये. जानेवारी 1942 मध्ये कॅप्टन गिल्बर्ट रॉबर्ट्स यांना तिथे धाडण्यात आले. क्षयरोगामुळे नौदलातून निवृत्त केलेला हा अधिकारी. अटलांटिकमध्ये जर्मन पाणबुड्या मालवाहू ताफे फोडत होत्या आणि त्या नेमक्या कशा हल्ला करतात हे ब्रिटिशांना उलगडत नव्हते.

रॉबर्ट्स यांनी एका मोठ्या खोलीच्या जमिनीवर लिनोलियम अंथरले, चौकटी आखल्या आणि तो समुद्र केला. त्यावर छोटी लाकडी जहाजे मांडली. खेळाडू अधिकारी कापडी पडद्यांआड बसत. पडद्याला छोटे झरोके, म्हणजे कप्तानाला समुद्रात जेवढे दिसेल तेवढेच दिसावे. पाणबुडीचा मार्ग हिरव्या खडूने काढला जाई. तो झरोक्यातून तिरक्या नजरेला दिसतच नसे. जहाजे हलवणाऱ्या, मोजमाप ठेवणाऱ्या आणि निकाल काढणाऱ्या होत्या नौदलाच्या महिला दलातल्या तरुणी, ‘रेन’. त्यांतल्या कित्येकींना गणित उत्तम येत होते. समुद्रावर लढण्याचा अनुभव मात्र कोणालाच नव्हता.

खऱ्या लढायांचे अहवाल या जमिनीवर पुन्हा खेळले गेले, तेव्हा एक गोष्ट पुढे आली. पाणबुडी दूर, ताफ्याबाहेर राहून टॉर्पेडो सोडते, हे गृहीतच चुकीचे होते. ती रात्री मागून शिरून ताफ्याच्या रांगांमध्येच येत होती. मग संरक्षक जहाजांनी काय करावे याची नवी चाल तयार झाली. जीन लेडलॉ या रेनने तिला ‘रास्पबेरी’ असे नाव दिले. ॲडमिरल मॅक्स हॉर्टन स्वतः पाणबुड्यांचे नामांकित कप्तान होते. ते पाणबुडीच्या बाजूने खेळायला बसले आणि पडद्यापलीकडून जेनेट ओकेल या तरुण रेनने त्यांना पुन्हा पुन्हा हरवले. युद्ध संपेपर्यंत सुमारे 5,000 अधिकारी या खोलीतून शिकून समुद्रावर गेले.

चित्रफलकावरचा शत्रू आणि टेबलावरचा शत्रू

युद्धकाळातली प्रचारचित्रे आठवा. त्यांत शत्रू माणूस राहतच नाही. त्याला सुळे फुटतात, डोळे तारवटतात, तो राक्षस होतो किंवा विदूषक. सर्व देशांनी हे केले. पण त्याच देशांत, त्याच महिन्यांत, सुतारकामाच्या वर्गातल्या मुलाला शत्रूचे विमान मात्र तसूभरही खोटे करता येत नव्हते. झीरोचा पंख त्याला झीरोच्याच पंखासारखा तासावा लागे. राग आला म्हणून तो वेडावाकडा केला असता तर त्या प्रतिकृतीने शिकलेला तोफची चुकला असता आणि आपलाच वैमानिक मेला असता. तिरस्काराला इथे काही उपयोग नव्हता, उपयोग फक्त सत्याचा होता. या छोट्या वस्तूंबद्दल मला आदर वाटतो तो यामुळे. द्वेषाच्या सर्वांत काळ्या काळात शत्रूकडे प्रामाणिकपणे पाहण्याची शिस्त त्यांनी शिकवली.

आणि जिथे पाहणे शक्य नव्हते, तिथे काय झाले हेही त्यांच्यातच दिसते. जपानची ‘यामातो’ कुरे बंदरात दोरखंडांच्या पडद्यांआड बांधली गेली. तिच्या तोफा 16 इंची असाव्यात असा अमेरिकेचा समज युद्ध संपेपर्यंत टिकला. प्रत्यक्षात त्या 18.1 इंची होत्या. 7 एप्रिल 1945 रोजी ती बुडाली आणि पराभवाच्या वेळी तिचे बहुतेक आराखडे जाळून टाकण्यात आले. त्यामुळे युद्धकाळात अंदाजावर घडवलेली ‘यामातो’ची प्रतिकृती हाती आली, तर ती आजच्या ज्ञानाने दुरुस्त करू नये. तिच्यातली चूक हाच तिचा दस्तऐवज आहे.

संग्राहकांच्या हाती

1945 नंतर हजारो प्रतिकृती निकामी ठरल्या. काही वितळवल्या गेल्या, काही परतणाऱ्या सैनिकांच्या खिशातून घरी आल्या, काही मोडीत विकल्या गेल्या. तिथून संग्राहकांचे युग सुरू झाले. कॉमेटची जहाजे ‘ऑथेंटिकास्ट’ या नावाने सर्वसामान्यांसाठी बाजारात आली. बर्लिनच्या वीकिंगने 1948 पासून प्लास्टिकच्या छोट्या मोटारी काढल्या आणि त्याच तिची नवी ओळख झाल्या. इंग्लंडमध्ये 1959 पासून ट्राय-अँगच्या ‘मिनिक’ जहाजांचे संच धक्के आणि क्रेनसकट मिळू लागले. एअरफिक्सने 1:72 ची स्पिटफायर पिशवीत घालून दोन शिलिंगांना विकली, आणि लष्कराच्या वर्गातले प्रमाण घरोघरच्या मुलांच्या टेबलावर आले.

जपानची कहाणी मनाला भिडणारी आहे. शिझुओका हे लाकूडकामाचे शहर. तिथल्या तामिया कंपनीचा मूळ धंदा लाकडाचा. 1960 मध्ये तिने प्लास्टिकची पहिली प्रतिकृती काढली ती ‘यामातो’ची, आणि तीत तिला तोटा झाला. तरी ती थांबली नाही. 1971 मध्ये तामिया, हासेगावा, आओशिमा आणि फुजिमी या शिझुओका परिसरातल्या चार स्पर्धक कंपन्या एकत्र आल्या, जपानी आरमाराची जहाजे आपसांत वाटून घेतली आणि 1:700 प्रमाणात पाणरेषेवर कापलेली ‘वॉटर लाइन’ मालिका सुरू केली. त्या आरमाराची मोठी जहाजे जवळजवळ सगळीच समुद्राच्या तळाशी गेली होती. कुरेत 2005 मध्ये संग्रहालय उघडले, तिथे ‘यामातो’ची 26.3 मीटर लांबीची, खऱ्याच्या दशांशाएवढी प्रतिकृती उभी आहे.

आपल्या समुद्राची नाती या खोक्यांत सापडतात. 13 डिसेंबर 1939 रोजी दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावर प्लेट नदीच्या मुखाजवळ ‘एक्झिटर’, ‘एजॅक्स’ आणि ‘अकिलीस’ या तीन क्रूझर जर्मनीच्या ‘ग्राफ श्पे’शी लढल्या. 1:1200 मध्ये ‘अकिलीस’ जेमतेम 14 सेंटिमीटरची. तीच ‘अकिलीस’ 1948 मध्ये भारताने घेतली आणि ती ‘दिल्ली’ झाली. 1956 मध्ये प्लेट नदीच्या लढाईवर इंग्रजी चित्रपट निघाला, तेव्हा ‘आयएनएस दिल्ली’ने पडद्यावर स्वतःचीच, म्हणजे ‘अकिलीस’ची भूमिका केली. डिसेंबर 1961 मध्ये गोवा, दमण, दीव मुक्त करण्याच्या मोहिमेत ती दीवसमोर उभी होती. 1978 मध्ये ती निवृत्त झाली.

आणि ‘बेंगाल’. 11 नोव्हेंबर 1942 रोजी हिंदी महासागरात सुमारे 650 टनांची ही छोटी, सुरुंग काढणारी भारतीय नौका एका डच तेलवाहू जहाजाची राखण करत होती. दोन मोठ्या, तोफांनी सज्ज जपानी जहाजांनी त्यांना गाठले. ‘बेंगाल’ने पळ काढला नाही. लढाईच्या शेवटी ‘होकोकू मारू’ बुडाली आणि दुसरे जपानी जहाज निघून गेले. 1:1200 मध्ये ‘बेंगाल’ पाच सेंटिमीटरही भरत नाही. तिच्यासमोर ‘होकोकू मारू’ ठेवली की त्या दिवशी काय घडले ते पानभर वर्णनाहून लवकर कळते. विमानांसाठी गोव्यात बोगमाळोजवळचे नौदल विमान संग्रहालय आहे. तिथली ‘फायरफ्लाय’ पाहून आल्यावर 1:72 ची ‘फायरफ्लाय’ हातात घेतली, तर प्रमाण म्हणजे काय ते हाताला कळते.

अशा प्रतिकृती जमवण्याचा छंद मोठ्या माणसांचा खेळ म्हणून बाजूला सारला जातो, ते योग्य नाही. क्रूव्हरच्या विमानांचे प्लास्टिक दशकांनुदशके वाकत चालले आहे. उन्हात किंवा गरम खोलीत ठेवले की पंख अधिकच वळतात. शिशाच्या जहाजांवर पांढरी बुरशीसारखी भुकटी धरते आणि लाकडी कपाटातल्या आम्ल वाफांनी ती वाढते. ज्याच्याकडे अशी वस्तू असेल त्याने तिला नवा रंग देऊ नये, पोटावरची तारीख घासू नये, ती कोणाकडून आणि कुठून आली हे लिहून ठेवावे. एकाच देशाचा ताफा जमवून थांबूही नये. ‘शेफील्ड’जवळ ‘बिस्मार्क’ हवी, झीरोजवळ अमेरिकन वाइल्डकॅट हवे. आपले आणि परके शेजारी ठेवून दोन्ही सारख्याच बारकाईने पाहता आले पाहिजे. ज्या कामासाठी या वस्तू घडल्या ते काम युद्धाबरोबर संपलेले नाही, कारण समोरच्याला नीट न पाहताच शत्रू ठरवण्याची सवय कुठल्याच देशाची अजून सुटलेली नाही.